सगुणभाऊंचा राकस

“…पण चाळीस वर्षं, भाऊ? कार्तिकापासून वैशाखापर्यंत रोज राक्षसासारखं गरजायचं, आणि तरी घसा शाबूत? कसा?”

सगुणभाऊंनी टोपलीतला कोकमाचा एक पिकलेला रातांबा उचलला, अंगठ्याने दाबून फोडला, बिया पातेल्यात टाकल्या आणि साल सुपात टाकली.

“मी पुण्याहून एवढंच विचारायला आलेय.”

“आयकलंय.”

“मग?”

“रातांबे फोड.”

आता ओजस्विनी रणपिसे ही काही रातांबे फोडायला आलेली बाई नव्हे. वय तेहतीस, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, आणि धंदा हेवी मेटल गाण्याचा. हे गाणं ज्यांच्या कानावरून गेलं नसेल त्यांना सांगायचं तर, यात गायक नुसता गात नाही, गुरगुरतो, डरकाळ्या फोडतो, आणि समोरची हजार-दोन हजार माणसं आनंदाने एकमेकांच्या अंगावर आदळतात. ओजस्विनीने घरात पहिल्यांदा सराव केला तेव्हा शेजारच्या आजी भाजलेला ओवा घेऊन धावत आल्या होत्या, पोरीच्या पोटात भलतंच दुखतंय असं समजून.

त्याला अकरा वर्षं झाली होती. तिने स्वतः उभा केलेला ‘वडवानळ’ हा बँड पुण्यातल्या एका गॅरेजातून निघून पार शिलाँगपर्यंत जाऊन आला होता. बाईमाणसाला हे जमायचं नाही म्हणणाऱ्यांची तोंडं तिने गाऊनच बंद केली होती. अंगात थोडा ताठा आला असेल, पण तो काही फुकटचा नव्हता.

आणि आता स्वरतंतूंवर दोन गाठी आल्या होत्या. घशाच्या डॉक्टरांनी त्या तिला पडद्यावर दाखवल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

“सहा महिने गाणं बंद,” डॉक्टर म्हणाले होते. “तरी नाही विरघळल्या तर शस्त्रक्रिया. मग आवाज हाच राहील असं वचन मी देणार नाही.”

सहा महिने कुठून आणायचे? ऑगस्टात जर्मनीतल्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं होतं. त्या एका बोलावण्यासाठी तिने नोकरी सोडली होती, एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. गिटार वाजवणारा निहार पहिल्या दिवसापासूनचा सोबती, पण त्यानेही शेवटी सांगून टाकलं. “ओजू, रविवारपर्यंत कळव. येतेस की नाही. नाहीतर मी त्या नागपूरच्या मुलाला हो म्हणतो.”

आज शुक्रवार होता.

सगुण राऊळ हे नाव तिला पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या दाराशी बाकावर बसून फोन चाळताना सापडलं. अडुसष्ट वर्षांचा दशावतारी नट, कुडाळच्या आतल्या बाजूचा. राजा नाही, देव नाही, जन्मभर राक्षस. चित्रफितीत तो म्हातारा अर्धा तास अशी गर्जना करत होता की फोन हातात थरथरला. दुसऱ्या गावातली दुसऱ्या दिवशीची चित्रफीत तिने लावली. आवाज तोच, तसूभर उणा नाही. तिने बस पकडली.

खेळांचा हंगाम नुकताच संपला होता, आणि इथे येऊन ती आता ओट्यावर बसून रातांबे फोडत होती. बोटं लालभडक झाली होती.

“तू पुटपुटतंस कित्याक?” सगुणभाऊंनी विचारलं.

“डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. म्हणून हळू बोलते.”

“ह्यां हळू नाय. ह्यां चोरून बोलणां.”

तिने पुढचा रातांबा फोडला. थोड्या वेळाने त्यांनीच मान वर केली.

“दाखव.”

“काय?”

“तुझो राकस.”

ओजस्विनी उठली, समोरच्या सारवलेल्या खळ्यात जाऊन उभी राहिली. पाय रोवले, पोटात श्वास भरला आणि सोडला. दारातलं कुत्रं शेपूट घालून माडामागे पळालं, कोंबड्या कुंपणावर चढल्या, आणि सगुणभाऊंची बायको जयवंतीकाकी हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. डरकाळी चांगली लांबली. पण शेवटाला ती फाटली, आणि त्या फटीतून नुसती हवा आली.

ओजस्विनीचा हात आपसूक गळ्याकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही.

सगुणभाऊ डोळे मिटून ऐकत होते.

“राकस चांगलो आसा,” ते म्हणाले. “राकसात खोट नाय.”

“मग खोट कशात आहे?”

“जेव आदी.”

---

शनिवारी सकाळी पुन्हा ओटा, पुन्हा टोपली. ओजस्विनीने बोटांवर मोजल्यासारखं मनातल्या मनात मोजलं, आता दीड दिवस उरला. तिच्याजवळ प्रश्नांची यादी तयार होती. श्वास कुठून घेता, पाणी किती पिता, तिखट खाता का, सकाळी काय करता. यादीतला पहिला प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आत सगुणभाऊंनी विचारलं.

“खेळ संपल्यार तू काय करतंस?”

“संपल्यावर? काही नाही. स्टेजवरून उतरते.”

“मगे?” त्यांनी रातांबा फोडला.

“मग लोक येतात. फोटो काढतात.”

“मगे?”

“बोलतात माझ्याशी. मीही बोलते, बोलावंच लागतं. मागे मोठ्याने गाणी चालू असतात, त्यामुळे जरा ओरडूनच.”

“मगे?”

“कुणी मुलाखत घेतं. मग हॉटेलात जातो सगळे. पार्टी असते.”

“थंय गप असतंस?”

“गप कशी असेन, भाऊ? अंगात अजून सगळं उसळत असतं. हसणं, वादावादी, जुनी गाणी म्हणणं. मग गाडीत बसतो पुढच्या गावाला जायला. गाडीच्या आवाजात परत तेच.”

“किती येळ?”

“कधी कधी उजाडतं.”

सुपात सालांचा लाल ढीग झाला होता. सगुणभाऊंनी तो पसरून सारखा केला.

“आणि तवसर तो राकस खंय असता?”

“कोण राक्षस?”

“जो आदी स्टेजार होतो, तो.”

तिला प्रश्न कळला नाही.

“मेलो नाय?” त्यांनी विचारलं.

ओजस्विनीला हसू आलं. या बाबतीत आपलं गाणं या म्हाताऱ्याच्या खेळापेक्षा चार पावलं पुढे आहे असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते तिच्या आवाजात आलंच. “आमच्यात राक्षस मरत नाही, भाऊ. आमच्यात तोच जिंकतो. लोक त्यासाठीच पैसे देतात.”

सगुणभाऊंनी पहिल्यांदाच हातातला रातांबा न फोडता खाली ठेवला.

“मगे तू मर,” ते म्हणाले.

त्यांनी हात धुतले, कुडाला लावलेला पिडा, नारळाच्या झावळीचा वाळका दांडा, ओढून काढला आणि खळ्यात उतरले. उतरताना गुडघ्यावर हात टेकणारा म्हातारा खळ्याच्या मध्यावर पोचेपर्यंत कुठच्या कुठे गेला. पाठ ताठ, हनुवटी वर. हातात पिडा नव्हता, खड्ग होतं. कधी नव्हे ते आज ते स्वतः देव झाले होते.

“ये, राकसा.”

लाजायचं काम ओजस्विनीला ठाऊक नव्हतं. ती गुरगुरत धावली. दोन वेळा तिने वार चुकवला, तिसरा खांद्यावर बसला. ती गरगर फिरली, मरतानाची एक लांबलचक किंकाळी फोडली आणि धाडकन मातीत पडली. आपण फार छान मेलो असं तिला वाटलं.

सगुणभाऊ वाकले. “लागलां काय गो?”

“नाही.”

“परत.”

“का? काय चुकलं?”

“परत.”

ती पुन्हा धावली, पुन्हा पडली. या खेपेला डोळेही नीट मिटले.

“पाणी होया?”

“नको, ठीक आहे.”

“परत.”

तिसऱ्या वेळी ती पडल्यावर ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग शांतपणे म्हणाले, “थंय मुंगळे आसत हां.”

“कुठे?” ओजस्विनी टुणकन उठून बसली. मुंगळे नव्हते. ओट्यावरून जयवंतीकाकी पदर तोंडाला लावून हसत होती.

“परत.”

चौथ्या वेळी ती चिडून पडली. ढोपर खरचटलं होतं, घसा जळत होता, आणि आपली थट्टा चालली आहे अशी तिची खात्री झाली होती. ती डोळे मिटून पडून राहिली. पाणी विचारलं, ती बोलली नाही. लागलं का विचारलं, ती बोलली नाही. बराच वेळ गेला…

“काल तुझो आवाज फाटलो,” वरून सगुणभाऊंचा आवाज आला, “तेचां कारण माका समाजलां.”

“काय आहे?” ओजस्विनीने पडल्या पडल्या विचारलं.

सगुणभाऊंनी पिडा कुडाला लावून ठेवला आणि ते गुडघ्यावर हात टेकत ओट्यावर चढले. त्या दिवशी ते तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

---

संध्याकाळी काकीने तिच्या ढोपराला हळद लावली.

“रागावलंस?”

“मला कळत नाहीये काकी, मी शिकायला आलेय की खेळणं व्हायला.”

काकी हळदीचं बोट पदराला पुसत बसली. बाहेर अजून उजेड होता, सगुणभाऊ सालांची सुपं आत घेत होते.

“तेंच्या मंडळीत एक रीत आसा,” काकी म्हणाली. “राकस मेलो की सूर्य वर येयसर बोलूक नाय. मेलेलो बोलता खंय? बाकीचे रंग पुसतत, च्या पितत, गजाली मारतत. राकसान मातर गप रवाचां. ह्यांच्या आदी जो राकस करी, तेणां ह्यांका घालून दिलेली रीत ती.”

“कधीच बोलायचं नाही? काही झालं तरी?”

काकीने हळदीची वाटी बाजूला सरकवली.

“माझो झिल झालो तो पौषात,” ती मग म्हणाली. “खेळ आटपान हे फाटेक घराक इले. सुईणीन दारातच सांगल्यान, झिल झालो. ह्यांनी पोराक मांडयेर घेतल्यानी आणि उगवतेक तोंड करून बसले. अक्षर नाय. मी आतसून बघतंय. पयलो झिल माझो, आणि बापाच्या तोंडातसून अक्षर नाय. रडलंय मी. म्हटलंय, देवा, कसलो राकस माझ्या नशिबात घातलंस.”

“मग?”

“मगे सूर्य इलो.”

“काय म्हणाले?”

काकीने हळदीची वाटी उचलली. तिच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं काही आलं की ओजस्विनीने नजर खाली वळवली.

“माझां नाव घेतल्यानी,” काकी म्हणाली. “तेवा कोण घोव बायलेचां नाव घेय नाय होतो. तवापासून रोजचां हां. सूर्य वर इलो की पयलो शबूद तो.”

---

रविवारी सकाळी ओजस्विनी न सांगता खळ्यात जाऊन उभी राहिली. तिचा फोन ओट्याच्या कोपऱ्यावर होता, कारण त्या घरात फोनला रेंज सापडायची ती तेवढ्याच वीतभर जागेत.

सगुणभाऊ पिडा घेऊन उतरले. ती धावली, तीन वार झाले, ती पडली. किंकाळी फोडली नाही. फोडावीशी वाटली, पण नाही फोडली.

“लागलां?”

ती गप्प.

“पाणी होया?”

ती गप्प. गालाखाली माती गार होती, तिला शेणाचा आणि रातांब्याचा वास येत होता.

“जर्मनीक जातलंस?”

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि कानात गेलं. ती बोलली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

निहारचाच होता. त्याच्यासाठी तिने वेगळी धून लावली होती, त्यांच्याच पहिल्या गाण्यातली. फोन वाजत राहिला आणि थांबला. मग पुन्हा वाजला.

“गो बाय, फोन…” काकी ओट्यावर आली.

सगुणभाऊ टोपलीशी जाऊन बसले होते. त्यांनी काकीकडेही पाहिलं नाही, ओजस्विनीकडेही नाही. ऊठ म्हणाले नाहीत, पडून राहा म्हणाले नाहीत. एक रातांबा फोडला.

ओजस्विनीचं सगळं अंग त्या फोनकडे ओढलं जात होतं. स्वतःला ती पुरती ओळखून होती. उठले तर फोन घेणार, घेतला तर हो म्हणणार. नाही हा शब्द या तोंडातून यायचाच नाही. हो म्हणून ती जर्मनीला जाईल, कदाचित एक रात्र गाजवेलही, आणि परत येईल ती त्या फाटलेल्या हवेसकट. हे तिला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यासाठी कोकणात यायची काही गरज नव्हती.

फोन तिसऱ्यांदा वाजला. अकरा वर्षं वाजत होती त्यात, गॅरेजातला पंखा, पहिलं फाटकं पोस्टर, पावसात ढकललेली गाडी, आणि निहार पलीकडे फोन कानाला लावून उभा.

ती मेलेली राहिली.

फोन थांबला. मग एकदाच बारीक किणकिणला, निरोप आल्याचा, आणि नंतर काही नाही. माडाची सावली तिच्या अंगावरून सरकत गेली. तोंडावर ऊन आलं तरी ती हलली नाही. कुत्रं जवळ येऊन हुंगून गेलं. कुणीतरी तिच्या डोक्याशी येऊन बसलं, आणि रातांबे फुटल्याचा आवाज अगदी कानाजवळ यायला लागला.

खूप वेळाने सगुणभाऊ म्हणाले, “ऊठ. जेवूक चल.”

तिने फोनमधला निरोप वाचला. ‘ठीक आहे. समजलो.’ एवढंच होतं. तिला निहारचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि मग असं रडू आलं की काकीला तिला धरून बसावं लागलं.

सगुणभाऊंनी तिच्या पानात स्वतः भात वाढला.

---

वडवानळ जर्मनीला जाऊन आला. नागपूरच्या मुलाने गाणं चांगलं म्हटलं, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. ओजस्विनीने ती एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. पोरगा खरंच चांगला होता. पोस्टरवर तिचं नाव नव्हतं, आणि तेवढ्या रिकाम्या जागेने तिला कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही. खोटं कशाला सांगायचं, तिला जळफळाटही झाला. पण ती पाच महिने गायली नाही, आणि गजबजाटात तोंड उघडलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, हिला दातखीळ बसली.

आश्विनात डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. एक गाठ नव्हती. दुसरीची नुसती खूण होती.

“काय केलंत?” त्यांनी विचारलं.

“मेले,” ओजस्विनी म्हणाली, चांगल्या मोकळ्या आवाजात. डॉक्टर हसले, आणि त्यांनी कागदावर भलतंच काहीतरी लिहिलं.

कार्तिकात तिने तीन नवी माणसं जमवली. बँडला अजून नावही नव्हतं. पहिला कार्यक्रम म्हापशाला, एका साध्या हॉलात, माणसं मोजून दोनशे. पाऊण तास ती गायली. शेवटची डरकाळी शेवटपर्यंत गेली, कुठे फाटली नाही. ती उतरली तसे लोक फोन पुढे करून धावले. तिने हात जोडले, मान लववली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडली.

“एवढ्यात शेफारली,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिला ऐकू आलं. मागे वळून त्या माणसाला चार शब्द सुनवायची तिची फार इच्छा होती, पण तिचं तोंड बंदच राहिलं. पहिली गाडी मिळाली तशी ती कुडाळच्या बाजूला निघाली.

ती खळ्यात शिरली तेव्हा उगवतीला नुसतं पांढुरकं झालं होतं. सगुणभाऊही नुकतेच येत होते. खांद्यावर पिशवी, पायांना दुसऱ्या गावची धूळ, आणि कानामागे पुसायचा राहिलेला लाल-काळा रंग. दोघं समोरासमोर उभे राहिले. तिच्या डोळ्यांखालीही काजळ ओघळलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं.

कुणी काही बोललं नाही. ते ओट्यावर बसले, बाजूला सरकले, तिच्यापुरती जागा केली.

जयवंतीकाकी दार उघडून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अरे देवा! आदी एक मेलेलां होतां घरात, आता दोन झाली.” ती बडबडत आत गेली आणि चहाचे दोन कप आणून दोघांच्या मधे आपटून गेली.

ते चहा पीत बसले. ओजस्विनीच्या पोटात सांगायच्या गोष्टींची नुसती दाटी झाली होती. आवाज टिकला, हे सांगायचं होतं. परवा निहारने फोन केला होता, तेही. शेफारली म्हणणाऱ्या त्या माणसाबद्दल विचारायचं होतं, आणि हेही की असं किती वर्षं करायचं, आणि एवढं करून शेवटी उरतं काय. तिने कप दोन्ही हातांत घट्ट धरला.

पोफळींच्या शेंड्यांवर उजेड आला. मग तो खाली उतरला, कुडावर आला, खळ्यात आला…

सूर्य वर आला. ओजस्विनीने तोंड उघडलं, तसा सगुणभाऊंनी हात वर केला. ते दाराकडे वळले.

“जयवंती,” त्यांनी हाक मारली. “ऊन इलां गो.”

“दिसतां माका,” आतून उत्तर आलं, आणि भांड्यांचा आवाज थोडा हलका झाला.

मग ते तिच्याकडे वळले. “आता इचार.”

ओजस्विनीने त्यांच्या कानामागच्या रंगाकडे पाहिलं. विचारायचं बरंच होतं. तिने एकच विचारलं.

“आज परत खेळ आहे तुमचा?”

“आसा. रातीक परत मरूचां आसा.” सगुणभाऊंनी कपातला शेवटचा घोट संपवला आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “ऊठ गो. तवसर जगान घेवया.”